पाणी गप्प होईपर्यंत

“हे परत ने,” बाबा म्हणाले. “नवे बटाटे आहेत हे.”

त्यांनी पिशवीत नुसता हात घातला होता, आत पाहिलं नव्हतं. दारात उभे असलेले दशरथकाका ओशाळून पिशवीकडे बघत राहिले. १९८५चा नोव्हेंबर संपत आला होता. नवा बटाटा नुकताच जयपूरच्या बाजारात उतरला होता आणि लोक तो कौतुकानं घेत होते. काकांनीही एकेक निवडून आणला असणार.

“भाऊ, एकदम ताजा माल आहे. सकाळीच मंडीतून उचलला.”

“म्हणून तर नको. नव्याच्या पोटात पाणी असतं. तो शिजतो, भाजत नाही. विभा, कोपऱ्यावरच्या भैयाकडे जा. जुना बटाटा माग, जाड सालीचा. मुठीत मावेल एवढाच. मोठा नको.”

मी जागची हलले नाही. माझे बाबा, सुखदेव सुरवाडे, बटाट्यांविषयी बोलत होते. पंधरा वर्षांत मी त्यांना स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही करताना पाहिलं नव्हतं. आई ताटात जे वाढेल ते खाली मान घालून जेवायचे, हात धुवायचे आणि उठायचे. चांगलं नाही, वाईट नाही, मीठ कमी नाही की जास्त नाही.

आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की ते साहेबांच्या सलूनवर भांडी घासतात. सलून म्हणजे रेल्वेच्या बड्या अधिकाऱ्यांचा फिरता डबा. त्यात झोपायच्या खोल्या, जेवायचं टेबल आणि एका टोकाला छोटं स्वयंपाकघर. तो डबा गाडीला जोडला की बाबा चार-चार दिवस घरी नसायचे. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांच्या धंद्यापुढे ‘रेल्वे’ एवढंच लिहायची आणि मैत्रिणींनी पुढचं विचारू नये म्हणून तो लवकर दुमडायची.

ऑगस्टमध्ये बाबांना काचबिंदू निघाला. नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसायचं, आणि ती नळी महिन्यागणिक बारीक होत होती. डॉक्टरांनी चालत्या गाडीतलं आणि विस्तवाजवळचं काम बंद करायला सांगितलं. मग त्यांना दुर्गापुरा स्टेशनवर पाणीवाल्याची हलकी ड्यूटी मिळाली: प्रवाशांसाठी मडकी भरायची, उन्हात त्यांच्यावरचं गोणपाट ओलं ठेवायचं. तेव्हापासून बाबा जवळजवळ बोलेनासे झाले होते. आम्हाला वाटायचं, डोळ्यांचं दुःख आहे.

सलूनवरची त्यांची जागा दशरथकाकांना मिळाली. काका मूळचे नंदुरबारचे, चाळिशीचे, इतकी वर्षं त्याच सलूनवर वाढपी होते.

“बुधवारी मुंबईहून मोठे साहेब येतायत, भाऊ,” काका म्हणाले. “दुपारच्या जेवणात काय पायजे ते लिहून आलंय. त्यात तुमचं नाव आहे. ‘सुखदेववाले आलू’. मी तीनदा करून बघितले. तिन्ही टायमाला चीज ट्रेला चिकटलं, खरडून काढावं लागलं. साहेबांपुढे असं झालं, तर मला सलूनवरून काढून यार्डात टाकतील.”

आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. “सुखदेववाले म्हंजे?”

“अहो वहिनी, यांचे बटाटे! तुम्ही तर खाऊन खाऊन कंटाळल्या असाल.”

“हे तर भांडी घासत होते ना तिथं?”

काका हसले. आई थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “वीस वर्षं झाली. त्या सलूनमधली शेगडी दुसऱ्या कोणी पेटवेल नाही.”

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. “विभा,” ते म्हणाले, “बटाटे.”

मी पळतच गेले. जुने बटाटे मागितले म्हणून भाजीवाल्या भैयानं मला वेड्यात काढलं, आणि गोणीच्या तळातून उपसून दिले. परत आले तेव्हा काका अंगणातल्या बाजेवर अवघडून बसले होते आणि आतून आईचा आवाज येत होता. आई कधी मोठ्यानं बोलत नसे. तेव्हाही बोलत नव्हती, पण मला दारातच थांबावंसं वाटलं.

“बावीस वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी सांगेल आहे का तुम्ही?”

बाबा म्हणाले, “मुंबईला भरती झालो तेव्हा मी सलूनच्या झाडूवर होतो. गोव्याचा मिंगेल म्हणून खानसामा होता तिथं. त्यानं एक दिवस मला कांदा कापायला बसवलं. गाव, आडनाव, सगळं ठाऊक होतं त्याला. म्हणाला, तुझा हात चांगला आहे, शिकवतो. पण बाहेर कोणी विचारलं तर सांगायचं, भांडी घासतो. टेबलावरच्या एखाद्याला खटकलं, तर दोघांची भाकर जाईल. तुझा भाऊ तेव्हा त्याच यार्डात होता, मीरा. तुला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, आणि त्याच्याकडून चार जणांना.”

“ते तेव्हाचं. पुढं तुम्हीच खानसामा झाले. मग?”

“आधी भीती होती. ती गेली, तर लाज वाटायला लागली. इतके वर्षं घरात खोटं बोलेल आहे, आता कोणत्या तोंडानं सांगू?”

“आणि माझ्या हातचं कच्चं-पक्कं गपचूप खात राहिले. मनात हसत असतील.”

“मला भाकरी येत नाही,” बाबा म्हणाले. “अजून येत नाही. मिंगेललाही येत नव्हती. मी हसू कशाला?”

आईनं वेगळाच प्रश्न विचारला. “आणि आता त्यालाच शिकवायचं? जागाही त्याला, विद्याही त्याला? राहू द्या ना एक तरी गोष्ट तुमच्याजवळ.”

“माझ्याजवळ राहून काय करील ती? माझ्याबरोबर मडकी भरील?”

त्यानंतर बाबा बाहेर आले. बाजेपाशी जाऊन दशरथकाकांना म्हणाले, “शिकवतो. पण सलूनमध्ये नाही, इथं. माझ्या घरात. आणि पहिलं ताट माझ्या घरचे खातील. कबूल?”

“कबूल, भाऊ.”

“चीज कुठलं आणलंस? सलूनच्या सामानातलं असेल तर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

“बाजारातलं आहे. आईशप्पथ.”

बाबांनी चिजाचा डबा फोडायला लावला. मी चीज आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पिवळट, साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. किसून झाल्यावर बाबांनी तो कीस धुवट फडक्यावर पसरून अंगणात उन्हात ठेवायला सांगितला.

“असं तर कोणी करत नाही,” काका म्हणाले.

“डब्यातलं चीज ओलं असतं. ओलं चीज वितळतं आणि चिकटतं. कोरडं झालं की त्याची खरपूस पोळी होते. मिंगेल मुंबईत होता, तिथं हवेतच पाणी, त्याला हे जमलं नाही कधी. मला इथं बदली झाल्यावर जयपूरच्या हवेनं शिकवलं.”

चिमण्या हाकलायला मला फडक्याजवळ बसवलं. एवढ्या वेळात बटाटे सालीसकट अर्धे उकडले गेले. ते किती उकडले हे बाबा सुई टोचून नाही, बोटांनी दाबून सांगत. एकेक उचलून कानाशी हलवत आणि बाजूला ठेवत. मग त्यांनी ते मधोमध चिरले. सुरी चालताना ते तिच्याकडे पाहतच नव्हते. नजर समोरच्या भिंतीवर आणि अंगठा पात्याच्या बरोबर पुढे, एका गव्हाचं अंतर ठेवून. सगळ्या फोडी सारख्या, कापलेली बाजू पाटासारखी सपाट. मी श्वास रोखून बघत होते. हेच बाबा घरात चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे.

आमच्याकडे भट्टी नव्हती. बाबांनी अंगणात कोळशाची शेगडी पेटवायला लावली, तिच्यावर मोठं लोखंडी घमेलं ठेवलं आणि त्यात बोटभर वाळू ओतली. वाळूवर काय ठेवायचं हा प्रश्न आला. काकांनी सलूनसारखा ट्रे कुठून तरी मागून आणतो म्हटलं.

“मीरा,” बाबांनी हाक मारली, “तुझा तवा देशील?”

आई तो तवा कुणाला देत नसे. लग्नात आलेला, सपाट, काळाकुळकुळीत. तिनं तो आणून बाबांच्या हातात दिला. बाबांनी त्यावरून तळवा फिरवला आणि काकांना म्हणाले, “हात लाव. बावीस वर्षांच्या भाकऱ्या आहेत ह्याच्यात. ह्याला काही चिकटत नाही. तुझ्या ट्रेला असं करायला तुला उद्यापासून रोज लोणी लावून तापवावं लागेल. बुधवारपर्यंत सहा वेळा.”

तव्यावर लोण्याचा जाड थर. त्यावर वाळलेलं चीज, त्यात चुरलेला टोस्ट, मिरपूड आणि ठेचलेला लसूण. त्यावर बटाट्याच्या फोडी, कापलेली बाजू खाली. बाबा एकेक फोड ठेवून तळव्यानं हलकेच दाबत होते, बाळाला थोपटावं तसं. वरून मीठ आणि तुपाचे थेंब. मग घमेल्यावर लोखंडी परात पालथी झाकली आणि तिच्यावरही निखारे ठेवले. वरून विस्तव, खालून विस्तव.

“किती वेळ?” काकांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

“ते खिशात टाक,” बाबा म्हणाले. “इकडे ये. बस. ऐक.”

ते शेगडीजवळ उकिडवे बसले आणि मान कलती केली. काकाही बसले. मीही जाऊन बसले. आई दारातच उभी होती.

घमेल्यातून मोठी चुरचुर येत होती, ओल्या लाकडासारखी.

“हे पाणी बोलतंय,” बाबा म्हणाले. “बटाट्यातलं. ते बोलतंय तोवर झाकण उघडायचं नाही, हलवायचं नाही, काही करायचं नाही. तीनदा बिघडलं म्हणतोस ना? तू तीनदा उघडून बघितलं असशील.”

काकांनी मान खाली घातली.

आम्ही बसून राहिलो. शेजारच्या क्वार्टरमधला रेडिओ कुणीतरी बंद केला. बाबांचा चेहरा मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी पाहत होते. तीन महिने जो चेहरा विझल्यासारखा वाटत होता, तो पूर्ण जागा होता. ते आणखी कुठेतरी होते, जिथे त्यांना सगळं दिसत होतं.

चुरचुर कमी झाली. मग बारीक, तुटक आवाज येऊ लागला.

“आता लोणी. पाणी गप्प झालं, लोणी बोलायला लागलं.” त्यांनी परातीवरचे निखारे चिमट्यानं कडेला सारले. “वरचा विस्तव कमी. आता सगळं काम खाली.”

मग तोही आवाज जवळजवळ थांबला. मला काहीच ऐकू येईना. काका बेचैन झाले, चिमट्याकडे हात नेऊ लागले. बाबांनी न पाहता त्यांचं मनगट धरलं. तसंच धरून ठेवलं.

आणि मग मला ते ऐकू आलं. कुणीतरी दूरवर वाळक्या पानांवरून हलक्या पावलांनी चालत यावं, तसं काहीतरी.

“आलं,” बाबा म्हणाले. “हे चीज. काढ.”

काकांनी परात उचलली आणि वाफेबरोबर जो वास बाहेर आला तो मी अजून विसरलेले नाही. पण अजून खायचं नव्हतं. तवा जमिनीवर ठेवून बाबांनी हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. आई दारातून नकळत त्यांच्याबरोबर पुटपुटू लागली.

“भाऊ, हे कशाला?” काकांनी अगदी हळू विचारलं.

म्हणून झाल्यावर बाबांनी उत्तर दिलं. “आगीवरून उतरल्यावर एवढा वेळ त्याला हात लावायचा नाही. गरम असताना चीज तव्याचं असतं. थोडं निवलं की ते बटाट्याचं होतं. ज्याला घाई आहे, त्याचं चिकटतं. मिंगेल येशूची प्रार्थना म्हणायचा. तुला जे येतं ते म्हण.”

मग त्यांनी उलथनं तव्याच्या कडेनं आत सरकवलं. ते कुठेही अडलं नाही. सगळा थर, डझनभर फोडींसकट, एका तुकड्यात सुटला. त्यांनी तो दुसऱ्या परातीत उलटा केला आणि दशरथकाकांच्या तोंडून “अरे बाप रे” एवढंच निघालं. सोन्याच्या रंगाची जाळी होती ती. कडेला तांबूस, मध्ये पिवळी, तिच्यातून लोण्याचे बुडबुडे अजून फुटत होते.

बाबा उठले. खुंटीवरचा धुतलेला पंचा घेऊन त्यांनी त्याची नीट घडी केली आणि डाव्या हातावर टाकली. “मीरा, बस.”

“मी? दशरथभाऊंना द्या आधी. विभा आहे.”

“बस.”

आई कधीच कुणाच्या आधी जेवली नव्हती. ती पाटावर अंग चोरून बसली. बाबा तिच्या डाव्या बाजूला गेले, कमरेतून किंचित वाकले आणि दोन चमच्यांच्या चिमट्यात धरून एक फोड, मग दुसरी, तिच्या ताटात ठेवली. जाळीची बाजू वर. एक कणही सांडला नाही. मग एक पाऊल मागे सरून, पाठ ताठ ठेवून ते उभे राहिले. मी माझ्या वडलांना पहिल्यांदाच त्यांच्या कामावर पाहत होते.

आईनं फोड मोडली. मोडण्याचा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला, कडक पापड मोडावा तसा. आतून पांढरी वाफ निघाली. तिनं घास घेतला आणि चावता चावता थांबली. डोळे मिटले. मग तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात खरकटे होते.

“कसं झालंय?” बाबांनी विचारलं. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता.

“हे तुम्ही रोज करत होते?” आई म्हणाली. “एवढं? रोज?”

“साहेब असले की.”

“आणि कुणी सांगायचं का, चांगलं झालं म्हणून?”

बाबा विचार करू लागले. “ताटं रिकामी यायची,” ते म्हणाले.

मी खाल्लं तेव्हाचं काय सांगू? वरचा थर दातांखाली फुटला, खारट, खरपूस, आणि त्याच्या आत बटाटा नव्हताच जणू, लोण्यासारखं काहीतरी विरघळून गेलं. मला त्या फॉर्मची आठवण झाली, ‘रेल्वे’ लिहून तो दुमडल्याची. दशरथकाका मात्र खातच नव्हते. ते फोड कानाशी धरून बोटानं दाबत होते, पुन्हा पुन्हा.

बुधवारी शाळा अर्धी होती. मी बाबांचा डबा घेऊन सिटी बसनं दुर्गापुऱ्याला गेले. स्टेशनवर चुना मारलेला, स्टेशनमास्तर कडक इस्त्रीत. मोठे साहेब वाटेतली स्टेशनं तपासत येत होते. बाबा कडेला, लाकडी घडवंचीवरच्या सहा मडक्यांपाशी उभे होते. गोणपाट ओलं होतं, पितळी पेला लखलखत होता.

दोनच्या सुमारास साहेबांची गाडी आली. उंच, पांढऱ्या केसांचे साहेब उतरले, त्यांच्यामागे दहा-बारा अधिकारी. त्यांनी ऑफिस पाहिलं, दिवे पाहिले, आणि परत येताना मडक्यांपाशी थांबले.

“पानी कब भरा?”

“सुबह, साब.”

साहेबांनी हात पुढे केला. बाबांनी पेला भरून दिला. साहेब उभ्यानंच पूर्ण पेला प्यायले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, पण ओळखायचं कारणच नव्हतं. ताटं नेहमी वाढपी न्यायचा. त्यांनी बाबांना कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या घशाशी शब्द आले होते: साहेब, आज तुम्ही जे खाल्लं ना... बाबांना ते कळलं असावं. त्यांनी माझा हात दाबला.

“ठंडा है. अच्छा है,” साहेब म्हणाले आणि पेला परत देऊन डब्यात चढले.

शिट्टी झाली. गाडी हलली. सलूनचं स्वयंपाकघर समोरून सरकू लागलं, तशी त्याच्या खिडकीत दशरथकाका दिसले. त्यांनी दोन्ही हातांनी एक ट्रे खिडकीत धरला होता, आतली बाजू आमच्याकडे करून. ते ओरडून काही सांगत होते, पण चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

“बाबा, दशरथकाका आहेत. रिकामा ट्रे दाखवतायत.”

“खरडलेला आहे की सुटलेला?”

मी नीट पाहिलं. गाडी वेग घेत होती. ट्रेवर ऊन पडून तो आरशासारखा चमकला.

“सुटलेला,” मी म्हणाले. “एकदम साफ आहे.”

बाबांनी मान हलवली. गाडीमागून धुळीचा लोट उठला आणि फलाटावर येऊ लागला. ज्यांना दिसत होतं ते सगळे तोंडावर रुमाल धरून पाठ फिरवून उभे राहिले. बाबांनी त्याआधीच सहाही मडक्यांवर झाकणं ठेवली होती. धूळ पूर्ण बसेपर्यंत ते दोन्ही तळवे झाकणांवर ठेवून तिथेच उभे होते.